घरात बारीक 'टीईईई' आवाज येतो, पण फक्त मुलाला. अजून कुणाकडे असं आहे का? (नाशिक)

इंदिरानगरची_आई | १८ जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय थोडा वेगळा आहे पण प्लीज हसण्यावारी नेऊ नका, घरात आधीच दोन महिने तेच चाललंय.

आम्ही इंदिरानगरला राहतो. मी, नवरा, सासरे आणि मुलगा, तो ११ वर्षांचा, आत्ता सहावीत गेला. एप्रिलच्या शेवटापासून तो सारखा सांगतोय की त्याच्या खोलीत बारीक आवाज येतो, डासासारखा पण डासापेक्षा बारीक, आणि रात्री जास्त. आम्ही तिघांनी कान देऊन ऐकलं, पंखा बंद करून ऐकलं, काहीही नाही. सासरे म्हणाले अभ्यास टाळायची नाटकं आहेत. नवरा म्हणाला कानात मळ असेल, तोही काढून झाला. खरं सांगायचं तर मीपण एकदोनदा ओरडले त्याच्यावर.

परवा तो जोराचा पाऊस झाला ना, साडेनऊच्या सुमारास आमच्याकडची लाईट गेली. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. मेणबत्ती शोधत होते तेवढ्यात हा अंधारातून म्हणाला, "आई, गेला. आवाज गेला." आणि इतका शांत झाला की बोलता बोलता माझ्या मांडीवर झोपलाच. पाऊण तासाने लाईट आली तसा दचकून उठला, कानावर हात. झोपेतल्या मुलाला काय नाटक करायचंय? त्या क्षणी माझ्या पोटात खड्डा पडला.

कारण मला आठवलं, मी लहान असताना आम्ही सिडकोत राहायचो आणि मला जिन्यातच कळायचं की घरी टीव्ही चालू आहे, आवाज पूर्ण बंद केलेला असला तरी. शिट्टीसारखं काहीतरी यायचं. माझ्या आईला ते कधीच पटलं नाही. आता मी ४१ ची आहे आणि मीच आईच्या जागी बसून तेच वागले.

तर प्रश्न असा की हे नक्की काय आहे, शोधायचं कसं, आणि मुलाच्या कानाला यातून काही धोका आहे का?

नाशिकरोड_मृ | १९ जून, सकाळी ७:१५

ताई, तुमचा मुलगा खरं बोलतोय. आमच्या इंडक्शन शेगडीवर ठरावीक एक कढई ठेवली की माझी मुलगी स्वयंपाकघरातून पळून जाते. मला नुसती घरघर ऐकू येते, तिला शिट्टी. वाचतेय, कुणीतरी नीट सांगा.

निवृत्त_काका | १९ जून, सकाळी ८:०४

मी वीजकेंद्रात ३१ वर्षं काढली, टर्बाईनच्या शेजारी. आवाज म्हणजे काय ते मला सांगू नका. मुलांना रात्री मोबाईल बघू देता, मेंदू थकतो, मग असले भास होतात. रात्री आठनंतर स्क्रीन बंद करा, पंधरा दिवसात आवाज जाईल. कळकळीने सांगतोय, राग मानू नये.

फेराईट_कोअर | १९ जून, दुपारी १:३०

काका, स्क्रीन कमी करावी हे मान्य, पण लाईट गेल्याबरोबर थांबणारा आणि लाईट आल्याबरोबर सुरू होणारा भास नसतो. त्याला उगम आहे आणि तो घराच्या वायरिंगवर आहे.

मी अंबडला पॉवर सप्लाय डिझाईनचं काम करतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या पोटापाण्याचा आहे. जरा सविस्तर लिहितो.

आपली लाईट ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० सायकल. जुने ट्रान्सफॉर्मर, गल्लीतली डीपी, ट्यूबलाईटचा जुना चोक, हे सगळे जे 'हूंऽऽ' करतात तो आवाज १०० हर्ट्झचा असतो, कारण लोखंडी पट्ट्या चुंबकत्वामुळे प्रत्येक सायकलला दोनदा किंचित लांबतात-आखडतात. तो जाडा आवाज, सगळ्यांनाच येतो. आता घरातल्या जवळपास प्रत्येक वस्तूत त्या जाड ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस (वीज झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारा छोटा पॉवर सप्लाय) आलाय: मोबाईल चार्जर, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर, एलईडी बल्बचा ड्रायव्हर, राऊटर, लॅपटॉप, टीव्ही, सगळं. यात विजेची चालू-बंद सेकंदाला हजारो वेळा होते, पूर्ण लोडवर साधारण ५० ते १०० किलोहर्ट्झच्या (किलो म्हणजे हजार) आसपास. माणसाच्या कानाची वरची हद्द २० किलोहर्ट्झ, त्यामुळे एवढ्यावर काही ऐकू यायला नको.

पण चार्जर नुसता बोर्डात खोचून ठेवला आणि त्याला फोनच लावला नाही, तर त्याला काम नसतं. मग आतली आयसी (कंट्रोल करणारी चिप) वीज वाचवायला थोडे पल्स देते, थांबते, परत थोडे देते. हे थांबत थांबत चालणं सेकंदाला काही हजार वेळा होतं आणि ते नेमकं ऐकू येण्याच्या पट्ट्यात उतरतं. मग आतल्या कॉईलची तार, फेराईटचे (कॉईलमधला चुंबकीय गाभा) दोन अर्धे भाग, आणि सिरॅमिक कपॅसिटर (हे तर व्होल्टेज बदललं की स्वतःच आकसतात-फुगतात आणि खालच्या सर्किट बोर्डाला ढोलकीच्या पानासारखं हलवतात), हे सगळे गायला लागतात. चांगल्या मालात कॉईल वार्निशमध्ये बुडवलेली असते, फेराईट नीट चिकटवलेलं असतं. स्वस्तातल्या मालात तिथेच पैसे वाचवतात. म्हणून काम करणारा चार्जर गप्प आणि रिकामा चार्जर ओरडतो, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे.

शोधायची पद्धत: मेन स्विच नाही, एकेक एमसीबी (बोर्डातला त्या-त्या लाईनचा स्विच) पाडा. ज्या एमसीबीला मुलगा "गेला" म्हणेल त्या लाईनवरच्या वस्तू एकेक करून प्लगमधून काढा. बटण बंद करून चालणार नाही, बऱ्याच वस्तू स्टँडबायला पण ओरडतात, पिन बाहेर काढा.

आणि एक गोष्ट जरूर करा. मुलाला पाठमोरा बसवा, तुम्ही दहा वेळा वस्तू लावा किंवा काढा, नाणं उडवून ठरवा, आणि त्याने नुसतं सांगायचं आहे की नाही. दहापैकी दहा बरोबर नुसत्या अंदाजाने यायची शक्यता १,०२४ मध्ये एक. हे घरातल्या मोठ्यांसाठी करा, मुलासाठी नाही. त्याला तर माहितीच आहे.

नाशिकरोड_मृ | १९ जून, दुपारी १:४४

शेवटच्या दोन वाक्यांसाठी +१००

शालिमार_रिपेअरवाला | १९ जून, रात्री ९:२०

आईसाहेब तुमच्या लहानपणच्या टीव्हीचं मी सांगतो, शालिमारला माझं दुकान आहे, ३४ वर्षं टीव्ही रिपेअर करतोय. तो आवाज एलओटीचा. एलओटी म्हणजे लाईन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत मागे लाल वायर असायची ना ट्यूबच्या वरच्या टोपीला गेलेली, ती याच्यातूनच निघायची. आपल्याकडे पॅल सिस्टीम, एका चित्रात ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं, गुणाकार करा, १५,६२५. तेवढ्या वेळा सेकंदाला तो एलओटी खेचायचा-सोडायचा. म्हणजे १५,६२५ हर्ट्झची शिट्टी, सगळ्या कंपन्यांच्या टीव्हीला एकच सूर, कारण स्टेशनच तो ठरवायचं.

मी शिकाऊ होतो तेव्हा दुकानात शिरल्या शिरल्या सांगायचो कुठल्या टेबलवरचा सेट चालू आहे. उस्ताद मला त्यासाठीच बोलवायचे, की बघ रे लाईन सेक्शन चालतोय का. टीव्ही अंधारा असेल पण शिट्टी येतेय म्हणजे एलओटी जिवंत, दोष पुढे. शिट्टी नाही म्हणजे दोष तिथेच किंवा त्याच्या मागे. मीटर लावायच्या आधी निम्मं निदान कानाने व्हायचं. पस्तिशी ओलांडली तसं ते हळूहळू गेलं. एक दिवस सेट चालू होता आणि मला कळलं नाही, मी हात घालायला गेलो, पोरगा ओरडला म्हणून वाचलो. त्या दिवशी समजलं कान म्हातारा झाला.

गंगापूररोड_२३ | १९ जून, रात्री १०:०२

माझ्या पीसीत ग्राफिक्स कार्ड असंच ओरडतं, गेम चालू असताना नाही, मेनूवर गेलो की. मेनूत काही काढायचंच नसल्याने कार्ड सेकंदाला हजारभर फ्रेम फेकतं, आणि त्या वेगाने करंट कमीजास्त होतो. फ्रेम ६० ला लॉक केल्या, आवाज बंद. ज्यांच्या घरी पीसी ओरडतोय त्यांनी आधी हे करून बघा, कार्ड बदलायला धावू नका. लॅपटॉपवर तर मला पान स्क्रोल केलेलं सुद्धा ऐकू येतं, चिर्र चिर्र.

श्रवण_ताई | २० जून, सकाळी ६:४०

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी तज्ज्ञ. कानाच्या बाजूचं मी लिहिते.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, कॉक्लिआ. तिच्यात जन्मतः प्रत्येक कानात साधारण १५-१६ हजार केसपेशी असतात. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, चढे आवाज टिपतात आणि आत टोकाशी असलेल्या पेशी जाडे आवाज. प्रत्येक आवाज आत शिरताना तोंडाशी असलेल्या पेशींवरूनच जातो आणि झीजही तिथूनच सुरू होते. पेशी गेली की माणसात ती परत येत नाही. म्हणून वय वाढतं तसं ऐकणं वरून खाली उतरत जातं. शाळकरी मुलांना १७-१८ हजार हर्ट्झ सहज येतात, चाळिशीतल्या बऱ्याच जणांना १४-१५ हजाराच्या वर शांतता असते. कुणाचाच दोष नाही. पण यामुळे असं होतं की एकाच खोलीत बसलेल्या आजोबांची खोली आणि नातवाची खोली वेगळी असते, अगदी खरोखर वेगळी.

कानाच्या डॉक्टरांकडे जी नेहमीची तपासणी होते, ऑडिओग्राम, ती २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतच असते, कारण बोलणं समजायला तेवढं पुरतं. त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे आवाज नाहीच" असा अर्थ काढू नका. रिपोर्टने त्या आवाजाकडे बघितलेलंच नसतं.

धोक्याबद्दल: चार्जर-अडॅप्टरचा हा आवाज इतका क्षीण असतो की त्याने कान बिघडायचा नाही. पण मुलाची झोप जातेय, चिडचिड होतेय, आणि मुख्य म्हणजे घरात कुणी विश्वास ठेवत नाहीये, हा त्रास खराच आहे. माझ्याकडे येणारी मुलं पहिल्यांदा हळूच विचारतात, "तुम्हाला पण येतो का?" मी सांगते, मला येत नाही, पण तुला येतो हे मला माहितीये. तेवढ्यानेच त्यांचे खांदे खाली येतात.

आणि जे कुणी "मला पण येतो" म्हणून वाचत असतील त्यांनी मेन स्विच पाडून बघा. सगळी लाईट गेल्यावरही, गावाला शेतात गेल्यावरही आवाज तसाच असेल तर तो कानातला आहे, टिनिटस, आपल्याकडे कर्णनाद म्हणतात. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग मोजलेत त्यात कर्णनाद आहे, म्हणजे चार्जर यायच्या कितीतरी आधीपासून माणसं हे सांगत आली आहेत. एकाच कानात येत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, किंवा अचानक ऐकू कमी झालं असेल तर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अचानक कमी झालेल्या ऐकण्यात दिवस फार मोलाचे असतात, कृपया आठवडा थांबू नका.

ढोल_पंचवटी | २० जून, सकाळी ११:३१

ताई तुमचा शेवटचा परिच्छेद माझ्यासाठीच लिहिलाय असं वाटलं. मी नऊ वर्षं पथकात ढोल वाजवला, नाशिक ढोल, मिरवणुकीत सहासात तास, वर सराव दोन महिने रोज संध्याकाळी. कधी कानात काही घातलं नाही. आता २९ वर्षांचा आहे आणि माझा आवाज लाईट गेल्यावर जात नाही. उलट लाईट गेल्यावर जास्त येतो कारण बाकी सगळं शांत होतं. मागच्या वर्षी त्र्यंबकच्या पुढे मित्राच्या शेतावर मुक्कामाला गेलो होतो, रात्री एवढी शांतता, सगळे म्हणत होते काय शांत आहे, आणि मी उठून बसलो होतो. कुणाला सांगणार.

ढोल सोडायचा विचार सुद्धा सहन होत नाही, पण नवीन पोरांना मी आता सांगतो की कापसाच्या बोळ्याने काही होत नाही, नीट फोमचे प्लग घ्या, ताल हाताला आणि छातीला कळतोच.

श्रवण_ताई | २० जून, दुपारी १२:१०

दादा, मला व्यक्तिगत निरोप करा. आवाज पूर्ण घालवायचं औषध नाही हे खरं सांगते, पण त्याचा त्रास कमी करता येतो: रात्री खोलीत हलका पंख्याचा किंवा पावसाचा आवाज ठेवणं, ऐकणं कमी झालं असेल तर श्रवणयंत्र, आणि समुपदेशन, त्यात विचार आणि वागणूक बदलण्याची जी थेरपी आहे तिचा चांगला उपयोग होतो. पूर्ण शांतता टाळा, शांततेत तो मोठा होतो. आणि प्लगबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास असा आहे. ढोलाचा आवाज याच्या खूप वर जातो आणि तीन-तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा-निम्मा होत जातो.

इंदिरानगरची_आई | २१ जून, रात्री १०:४५

सगळ्यांचे मनापासून आभार, डोळ्यात पाणी आलं वाचताना.

आज रविवार होता, केलं सगळं. एमसीबी पाडत गेलो, खोलीच्या प्लगच्या लाईनवर मुलगा म्हणाला "कमी झाला". बोर्डात टॅबलेटचा चार्जर कायम खोचलेला होता, तो काढला तर म्हणाला हा एक होता. मग फेराईट दादांनी सांगितली तशी परीक्षा. नवऱ्याने नाणं उडवून चार्जर लावला-काढला, मुलगा भिंतीकडे तोंड करून. दहापैकी दहा. नवऱ्याने स्वतःच कागदावर लिहिलं होतं, तो कागद बघत बसला किती वेळ. मग त्याने मुलाला जवळ घेतलं, बोलला काही नाही.

पण अर्धंच काम झालंय. मुलगा म्हणतो अजून एक आवाज आहे, तो सरळ नाही, वर जातो खाली येतो, टीईई टुईई टीईई, आणि कुठून येतो ते सापडत नाही. पलंगावर एका जागी येतो, डोकं जरा सरकवलं की नाही. यावरून सासरे परत म्हणाले बघा, ठिकाण सुद्धा सांगता येत नाही त्याला.

फेराईट_कोअर | २१ जून, रात्री ११:२०

डोकं सरकवलं की जातो, हीच तर तो खरा असल्याची खूण आहे ताई! १७ हजार हर्ट्झच्या आवाजाची लाट जेमतेम २ सेंटीमीटरची असते. ती भिंतीवरून, कपाटावरून परतते आणि परतलेली लाट येणाऱ्या लाटेत मिसळून खोलीत कुठे मोठा कुठे शून्य असे ठिपके तयार होतात, एकेका बोटाच्या अंतरावर. शिवाय इतका बारीक आवाज डोक्याला वळसा घालत नाही, डोक्याच्या सावलीत अडतो. त्यामुळे आवाज कुठून येतोय ते कानाने शोधणं मोठ्या माणसालाही जड जाईल.

हा वर-खाली होणारा सूर मात्र चार्जरचा वाटत नाही. फोनवर स्पेक्ट्रॉईड नावाचं ॲप टाका. फोनचा माईक साधारणपणे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतो, म्हणजे २२ हजार हर्ट्झच्या जवळपास त्याला दिसतं, आपल्या कानापेक्षा जास्तच. खाली धबधब्यासारखा आलेख येतो, सरळ उभी रेघ म्हणजे स्थिर सूर. तुमच्या मुलाचा आवाज खरा असेल तर नागमोडी रेघ दिसेल. फोन हातात धरून खोलीत कोपरा कोपरा हळू फिरा.

घरात उंदीर पळवायचं मशीन वगैरे काही लावलंय का?

निवृत्त_काका | २२ जून, सकाळी ७:३०

दहापैकी दहा हे मी वाचलं. मी माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. काल नातीला विचारलं तुला घरात कुठे शिट्टी येते का, तर ती पटकन म्हणाली आजोबा तुमच्या खोलीतल्या बल्बला येते की. मी विचारलं मग सांगितलं का नाहीस. म्हणाली मला वाटलं सगळ्यांनाच येते.

मला तर तिचं बोलणंच हल्ली नीट ऐकू येत नाही. वीजकेंद्रात सुरुवातीच्या काळात आम्ही कान झाकत नव्हतो. आज ऑडिओग्राम करायला जातोय.

सिन्नरफाटा | २२ जून, सकाळी ९:१२

या आवाजाची तक्रार करता येते का पण? आमच्या शेजारच्यांच्या इन्व्हर्टरचा आवाज येतो रात्रभर.

फेराईट_कोअर | २२ जून, दुपारी २:०५

ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते ६ मध्ये ४५ डेसिबल. पण ते डेसिबल ज्या 'ए' वजनाने (माणसाच्या कानाला कुठला सूर किती येतो तसं कमीजास्त धरायची पद्धत) मोजतात त्यात १६ हजार हर्ट्झला साडेसहा डेसिबल वजाच होतात, आणि साधे मीटर ८ हजाराच्या वर बघतही नाहीत. म्हणजे बारीक आवाजासाठी कागदोपत्री फार हाती लागत नाही, शेजाऱ्यांशी बोललेलं बरं. तुमचा आवाज जाडा घरघरणारा असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (वीज गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी लाटेने देणारा) असणार, त्याने पंखे पण गुरगुरतात. साईन वेव्हचा घेतला की बराच शांत होतो. शिवाय तो लाकडी टेबलवर असेल तर खाली जाड रबर टाकायला सांगा, सगळं टेबल वाजत असतं.

गंगापूररोड_२३ | २२ जून, दुपारी ३:४०

उंदराच्या मशीनवरून आठवलं. २००५ मध्ये वेल्समध्ये हॉवर्ड स्टेपलटन नावाच्या माणसाने 'मॉस्किटो' म्हणून यंत्र काढलं होतं, दुकानाबाहेर घोळका करून उभ्या राहणाऱ्या पोरांना हाकलायला. १७.४ किलोहर्ट्झचा आवाज, पोरांना असह्य आणि मोठ्यांना पत्ताच नाही. नंतर पोरांनी तोच सूर मोबाईलची रिंगटोन केली, वर्गात फोन वाजायचा आणि मास्तरांना कळायचं नाही. पण मला ते यंत्र अजिबात आवडत नाही. तिथून आईच्या कडेवरचं तान्हं बाळ पण जातं ना, ते रडतंय का हे त्या आईला कसं कळणार?

इंदिरानगरची_आई | २३ जून, रात्री ११:०८

सापडलं.

ॲप टाकलं, मुलानेच फोन धरला. १८ हजाराच्या आसपास नागमोडी रेघ, अगदी सापासारखी, वर खाली वर खाली. आम्हा तिघांनाही डोळ्यांनी दिसत होती आणि कानाला काहीही नाही. फोन घेऊन फिरत फिरत तो गव्हाच्या कोठीपाशी थांबला, तिथे रेघ एकदम पिवळीजर्द झाली. आमच्याकडे वर्षाचा गहू एप्रिलमध्ये भरतो आणि जागा नाही म्हणून कोठी मुलाच्या खोलीत ठेवतो. कोठीमागे बोर्ड आहे हे मी विसरूनच गेले होते. नवऱ्याने कोठी सरकवली तर मागे पांढरं मशीन, हिरवा दिवा लुकलुकतोय. उंदीर पळवायचं.

सासऱ्यांनी लावलं होतं. गेल्या वर्षी उंदरांनी गहू नासला होता म्हणून, गहू भरला त्याच दिवशी. त्यांच्या डोक्यातून पार गेलं होतं. माणसाला ऐकू येत नाही असं खोक्यावरच लिहिलेलं, मग त्यांना तरी काय कल्पना.

त्यांनी स्वतः वाकून पिन काढली. रेघ गेली. मुलगा "हां" म्हणाला, एवढंच. सासरे पलंगावर बसले आणि म्हणाले, "दोन महिने मी याला खोटारडा म्हणत होतो रे." मुलाने त्यांना सांगितलं, "आजोबा, तुम्हाला येत नव्हता ना पण." त्यावर ते जे उठून गॅलरीत गेले ते अर्धा तास तिथेच.

कोठीसाठी आता जुना जाळीचा पिंजरा काढलाय माळ्यावरून.

श्रवण_ताई | २४ जून, सकाळी ६:५५

किती बरं वाटलं! या मशीनांवर २० हजाराच्या वरचा आवाज असं लिहिलेलं असलं तरी बऱ्याच मशीनांचा आवाज खाली गळतो, आणि मुलांच्या कानाला 'माणसाला ऐकू येत नाही' हे वाक्य लागू पडत नाही. ते वाक्य मोठ्यांच्या कानावरून लिहिलेलं असतं. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी झोपायच्या खोलीत ही मशीनं लावूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मांजर असेल तरी नको, मांजराला ६० हजारापर्यंत ऐकू येतं.

फेराईट_कोअर | २४ जून, दुपारी १:१५

आणि उंदीर जात असते तर एक वेळ समजलो असतो. इतका बारीक आवाज पोत्यामागे, कोठीमागे अडतो, भिंत ओलांडत नाही, आणि उंदीर चार दिवसात सरावतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्येच अशी मशीनं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठच्या वर कंपन्यांना पत्रं पाठवली होती की दाव्यांना शास्त्रीय पुरावा असल्याशिवाय जाहिरात करू नका. पिंजराच बरा.

ताई, मुलाला माझ्याकडून सांगा की त्याने जे केलं त्याला आमच्याकडे फॉल्ट फाइंडिंग म्हणतात आणि ते चांगलं जमायला आम्हाला वर्षं लागतात.

शालिमार_रिपेअरवाला | २४ जून, रात्री ९:५०

आईसाहेब, माझ्याकडे एक २१ इंची जुना सेट अजून चालू स्थितीत आहे, विकायचा नाही म्हणून ठेवलाय. पोराला घेऊन या एकदा. तुम्ही लहानपणी काय ऐकत होता ते त्याला ऐकवतो.

निवृत्त_काका | २७ जून, सकाळी ८:२०

रिपोर्ट आला. दोन्ही कानात ४,००० च्या पुढे बरंच गेलंय. श्रवणयंत्र सांगितलंय. नातीला बरोबर नेलं होतं, तिने सगळं विचारून घेतलं. खोलीतला बल्बही बदलला, तिने दुकानात चार लावून बघितले आणि शांत असलेला निवडला.

इंदिरानगरची_आई | २९ जून, रात्री १०:३०

काल गेलो होतो शालिमारला. काकांचं दुकान एवढंसं, मागे तो सेट. काका म्हणाले मी कधी चालू करतो ते सांगणार नाही, पडदा पण झाकतो, आवाजही बंद, तू फक्त बोट वर कर. मुलगा पाठ करून उभा राहिला. मी त्याच्या समोर उभी होते, माझंही तोंड टीव्हीकडे नव्हतं, मुद्दाम.

मी पूर्ण लक्ष देऊन ऐकत होते. रस्त्यावरचे हॉर्न, शेजारच्या दुकानातला पंखा, बाकी काही नाही. आणि याचं बोट वर गेलं. काका मागून म्हणाले, "आत्ताच लावला." परत खाली, परत वर. पाच-सहा वेळा केलं असेल. मला एकदाही आला नाही.

मग हा मला म्हणाला, "आई, तुला कसा यायचा हा? मला सांग, मी तसाच येतो का बघतो." मी सांगितलं, कपाळाच्या आतून कुणी बारीक तार ओढल्यासारखा. तो डोळे मिटून ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "हो, तस्साच आहे."

नाशिकरोड_मृ | २९ जून, रात्री १०:४१

काका, रविवारी दुकान उघडं असतं का? माझ्या लेकीला आणायचंय.

शालिमार_रिपेअरवाला | ३० जून, सकाळी ९:०५

रविवारी दोनपर्यंत असतो. या.